आंगणातली माती

पहिला दगड झांबरे सरांना लागला. दुसराही त्यांनाच लागला. वस्तीच्या नेमाबद्दल मला आदर वाटला आणि मी सरांच्या पाठीमागे गेलो.

आम्ही फक्त माती न्यायला आलो होतो. साल अठ्ठ्याऐंशी, महिना एप्रिल, जळगावचं ऊन असं की कावळेसुद्धा सावलीसावलीनं चालत जात होते. सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत, मी त्यांच्या हाताखाली एम. एस्सी. करत होतो, आणि शहराच्या मातीत शिसं किती हे आम्ही मोजत होतो. नाल्याकाठच्या या वस्तीत ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे, म्हणजे आमच्या दृष्टीनं हे तीर्थक्षेत्रच.

चूक बारीकशीच झाली. घरांना नंबर नव्हते, म्हणून पिशव्यांवर घरमालकांची नावं घातली. रबरबँड संपले, म्हणून पूजेच्या दुकानातून लाल दोरा आणला. आणि ऊन लागू नये म्हणून दोघांच्या खिशात एकेक लिंबू. शास्त्राच्या हिशेबानं यात काही वावगं नव्हतं. पण खानदेशात शेंबडं पोरही सांगेल, तुमच्या दारातली, पायाखालची माती उचलून नेणारा माणूस ती कुंडीत भरायला नेत नाही. करणी करायला नेतो.

लोटन घण घेऊन पुढं आला. धुळ्याकडून आलेला, बॅटऱ्या फोडणारा, मनगटं माझ्या मांडीएवढी. त्याची चार वर्षांची पोरगी बेबी महिनाभर पोट धरून रडत होती आणि आता तिला झटके यायला लागले होते. करणी झाली, हे लोटननं ठरवलं होतं. कोणी केली, हेही ठरवलं होतं. शेजारच्या चिंधाशी त्याचं जागेवरून वाजलं होतं. काल त्यानं चिंधाचा उजवा हात मोडला होता. आज आम्ही चिंधाची माणसं.

"कोन धाडं रे तुम्हले?"

"अहो, आम्ही कॉलेजचे," सर म्हणाले. त्यांच्या भुवईतून रक्त चष्म्यावर उतरत होतं. "शिसं मोजतो."

"मंग मना नावनी चिठ्ठी काब्र? लाल दोरा काब्र?"

त्याची बायको कुंदाबाई, तिनं माझ्या खिशात हात घातला. "आन् हाई लिंबू?"

"सरबताला," मी म्हणालो.

हे खरं होतं. खऱ्याबद्दल बरगडीत लाथ बसली. खोटं बोललो असतो तर काय बसलं असतं, कल्पना नाही.

मग वस्तीनं आम्हाला रीतसर मारलं. सरांचा एक दात मातीत पडला आणि त्यांनी तो सवयीनं पिशवीत टाकला. मी खाली पडून, ही माती नक्की कोणाच्या नावाची, याचा विचार करत होतो. तेवढ्यात सरांनी रक्त थुंकून विचारलं,

"बाई, पोरगी माती खाते का हो?"

कुंदाबाईचा उचललेला हात हवेतच राहिला. "माटी खास ना. आंगणनीच खास."

"तिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. मातीतलं विष पोटात जातंय."

"करणी डागदरले दिसत नही," लोटन म्हणाला.

"मग मला दाखवू द्या. तुमच्या सगळ्यांसमोर दाखवतो."

लोटननं आंगणातली मूठभर माती उचलली. "आई सप्तशृंगीनी आन. ज्यानी हाई इख मना आंगणमा टाकं, त्याना हात तोडसू. कोनी बी ऱ्हावो."

"मना ते कालच तोडा ना!" गळ्यात हात बांधलेला चिंधा ओरडला.

"दुसरा बी शे तुना," लोटन म्हणाला.

सर पिशव्या घेऊन प्रयोगशाळेत गेले. ते परत यावेत म्हणून मला ठेवून घेतलं. मला वरण-बट्टी वाढली, वर तूपही, आणि जेवण झाल्यावर एकानं येऊन एक थोबाडीत दिली. पाहुणचारात काही कमी नव्हतं. बेबी ओट्यावर पडली होती. मधेच तिचे डोळे वर गेले, दात खटाखट वाजले, टाचा ओट्यावर आपटायला लागल्या. तिची एक मूठ घट्ट मिटलेली होती. मी "दवाखाना" म्हणालो. त्याबद्दलही एक मिळाली.

दुसऱ्या दिवशी सर काचेच्या नळ्या घेऊन आले. प्रत्येक घराची माती आम्लात उकळून, गाळून, पाण्यासारखी करून आणलेली. बाजूला माप म्हणून शिशाच्या तयार नळ्या, फिकट पिवळीपासून गर्द पिवळीपर्यंत. "यात या रसायनाचा एक थेंब टाकतो. शिसं असेल तर पिवळं होईल. जितकं जास्त, तितकं गर्द."

चिंधाची नळी पातळ वरणासारखी झाली. नाल्याची त्याहून जरा गडद. मग लोटनची. थेंब पडला आणि नळीत हळद फुटली. सरांच्या सगळ्यात गर्द नळीलाही मागं टाकून पिवळा गाळ खाली बसत गेला. बायकांनी हात जोडले. एका म्हातारीनं नळीला कुंकू लावलं.

"देवी नाही, शिसं आहे ते," सर म्हणाले. पण दात नसल्यामुळे त्यात वजन राहिलं नव्हतं.

"मना आंगणमा एव्हडं कोनी टाकं?" लोटन गरजला. त्याच्या पाठीमागं त्याचीच भट्टी धुमसत होती. सगळे तिच्याकडं बघत होते. तो सोडून.

"तूच," कुंदाबाई म्हणाली. "रोज. भट्टी कोठे शे तुनी? बॅटरीनं पानी कोठे ओतस तू?"

लोटन वळला. त्यानं भट्टीकडं पाहिलं. मग घण उचलून तुटून पडला. विटा उडाल्या, वितळलेलं शिसं पायावर सांडलं, कातडी चरचरली, तो थांबला नाही. भट्टी जमीनदोस्त झाल्यावर धापा टाकत म्हणाला, "रिक्षा बलावा. पोरले दवाखानामा ली जाऊ."

"आन लिधेल शे," चिंधा म्हणाला.

वस्तीत चर्चा झाली. लोटनचा कोणता हात, डावा की उजवा? चिंधाचा उजवा गेला होता, म्हणून उजवा ठरला. "अहो, हा रानटीपणा आहे!" सर ओरडले. "तुम्ही मधे पडू नका, सर, तुमचं काम झालं," असं एकजण अगदी अदबीनं म्हणाला. लोटननं स्वतः घण चिंधाच्या हातात दिला आणि आपला हात रिकाम्या बॅटरीवर ठेवला.

चिंधाला डाव्या हाताची सवय नव्हती. पहिला घाव आमच्या नळ्यांवर पडला. सरांचं रात्रभराचं काम पिवळं होऊन मातीत जिरलं, म्हणजे जिथून आणलं तिथंच गेलं. दुसरा बरोबर बसला. ऊस मोडल्यासारखा आवाज आला. लोटन ओरडला नाही. मी ओरडलो.

रिक्षात आम्ही सगळे मावलो. कुंदाबाईच्या मांडीवर बेबी, शेजारी लोटन, त्याला चिकटून चिंधा, मी सरांच्या मांडीवर, बरगडी धरून. असोद्याच्या बसनं वाट अडवली तेव्हा लोटननं खाली वाकून डाव्या हातानं बेबीची मिटलेली मूठ एकेक बोट करून उघडली. आत आंगणातली माती होती. ती त्यानं रिक्षाबाहेर फेकली, तिचा तळवा आपल्या सदऱ्याला पुसला, आणि पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

"हॉर्न वाजाड ना रे," चिंधा ड्रायव्हरवर खेकसला. "पोर शे आतमा."