मेमसाहेबांची घोळभाजी

आनंदराव चौबळ सकाळी ओसरीवर चहा घेत बसले, की गल्लीतल्या एकेका कुंपणाकडे बघून नाक मुरडत. जास्वंद त्यांच्या मते भडक आणि निर्लज्ज. झेंडू म्हणजे बैलाच्या शिंगाला बांधायची वस्तू. तगरीला रूप नाही, अबोलीला अक्कल नाही, आणि मोगऱ्याचा वास एवढा, की जेवताना ताटात येऊन बसतो.

"ही काय फुलं आहेत?" ते बायकोला म्हणत. "हा नुसता देवाचा शिधा. पिकवायचा, तोडायचा, वाहायचा आणि दुसऱ्या दिवशी टाकून द्यायचा. फूल बघायचं असतं, हे या पनवेलच्या सात पिढ्यांना ठाऊक नाही."

सत्यवतीबाई 'हं' म्हणत आणि तांदूळ निवडत राहत. नवऱ्याचं कुठलं बोलणं ऐकायचं आणि कुठलं अंगावरून जाऊ द्यायचं, हे इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना मान वर न करताही कळे.

आनंदरावांच्या या तोऱ्याला कारण होतं. कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क म्हणून त्यांनी उभी नोकरी गोऱ्या साहेबांच्या हाताखाली काढली होती. उन्हाळ्यात साहेबाचा मुक्काम माथेरानला हलला, की फायलींच्या पेट्यांबरोबर आनंदरावही हलत. तिथल्या बंगल्याच्या पायरीशी मेमसाहेबांनी दगडांच्या फटींतून आणि कुंड्यांतून एक विलायती फुलझाड लावलं होतं. वीतभरही उंच नाही, जमिनीला चिकटून पसरणारं, बारीक गोल पानांचं, आणि वर निळसर जांभळ्या इवल्या इवल्या घंटा. एकदा लावलं की वर्षानुवर्षं त्याच मुळांवर पुन्हा फुटणारं. मेमसाहेब त्याला कॅम्पॅन्युला म्हणत. आनंदरावांनी ते नाव घरी आरशासमोर उभं राहून घोटून घेतलं होतं.

मग राज्य गेलं, साहेबही निघाले. "जाताना मेमसाहेबांनी ही रोपं स्वतःच्या हातांनी मला दिली," असं आनंदराव सगळ्यांना सांगत. खरी हकीकत इतकी गोड नव्हती. मेमसाहेबांनी माळ्याला कुंड्या रिकाम्या करायला सांगितल्या, माळ्याने मातीसकट गड्डे कुंपणाबाहेर फेकले, आणि कोणी बघत नाही असं बघून आनंदरावांनी ते उपरण्यात उचलले. नंतर ते फाटकाशी हात जोडून, मान खाली घालून उभे राहिले. बाई दोन शब्द बोलतील, निदान 'वेल, आनंदराव' एवढं तरी म्हणतील, अशी त्यांची फार आशा होती. बाई माणसांनी ओढायच्या रिक्षात बसल्या आणि निघून गेल्या. हे मात्र त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, सत्यवतीबाईंनाही नाही.

उपरण्यातलं ते गाठोडं मांडीवर घेऊन ते पनवेलला आले आणि पेन्शनीचा सगळा काळ त्यांनी त्या गड्ड्यांच्या चाकरीत घातला. विटांचे तुकडे, नदीची वाळू, चुन्याचे खडे आणि माथेरानच्या जंगलातून मागवलेला पाचोळा घालून त्यांनी मागच्या अंगणात दगडांचा एक लहानसा ढीग रचला. पावसाळ्यात मुळं कुजू नयेत म्हणून त्यावर पत्रा. उन्हाळ्यात खसाचा पडदा, आणि तो भिजवायला माठातलं गार पाणी. घरातल्या माणसांनी विहिरीचं कोमट पाणी प्यायचं. सत्यवतीबाईंचा अळूचा वाफा त्या ढिगाला ओल लागते म्हणून उपटला गेला. तेव्हा त्या पहिलं आणि शेवटचं तक्रारीचं बोलल्या होत्या, "अळूचं फदफदं तरी होतं हो."

इतकं करून झाडाला फूल मात्र येईना. पानं यायची, पसरायची, चैत्रात करपायची, श्रावणात काळी पडायची, आणि दिवाळीनंतर उरल्यासुरल्या मुळांतून पुन्हा हिरवी व्हायची. गल्लीने त्याचं नाव ठेवलं मेमसाहेबांची घोळभाजी. कोणी विचारी, "रावसाहेब, निवडायला कधी घेणार?" आनंदराव तिटकाऱ्याने हसत. "फुलू द्या," ते म्हणत. "एकदा फुलू द्या, मग या आणि बघा. फूल कशाला म्हणतात ते बघा."

म्हातारपणी माणसाचा जीव कशात अडकेल ते सांगता येत नाही. आनंदरावांचा त्या 'बघा'मध्ये अडकला होता. पनवेलने एकदा त्यांच्या दाराशी उभं राहून तोंडात बोट घालावं, एवढंच त्यांना मिळवायचं राहिलं होतं.

आणि त्या वर्षी थंडी चांगली पडली. संक्रांत झाली आणि पानांत टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या दिसल्या. मग एका सकाळी घंटा लागल्या. एक नाही, ढीगभर. आनंदराव अंगणात उकिडवे बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी चटकन पुसलं, कारण मागून सत्यवतीबाई येत होत्या.

"छान आहेत," त्या म्हणाल्या.

"छान!" आनंदराव उसळले. "छान म्हणजे काय? तुमच्या वड्या छान असतात!"

त्याच दिवशी त्यांनी गडी लावून तो ढीग दगडादगडाने, मुळं न हलवता, पुढच्या कुंपणाशी आणला. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसलं पाहिजे ना! सत्यवतीबाई एवढंच म्हणाल्या, "कुंपणाशी ठेवताय. जनी आहे हं."

जनी गल्लीच्या टोकाला राहायची. नवऱ्यामागे मिठागरावर खपून तिने मुलगे मोठे केले होते आणि आता हातपाय थकल्यावर देवाचं काम अंगावर घेतलं होतं. देवाचं काम म्हणजे तांबडं फुटायच्या आत परडी घेऊन सगळ्या गल्लीची कुंपणं साफ करायची. बाहेरून हात पोचेल ते फूल देवाचं, हा तिथला जुना रिवाज, आणि जनीचा हात जरा जास्तच लांब पोचायचा. देवळातला गणपती जनीच्या हारांशिवाय राहत नसे. मात्र ज्या घरची फुलं नेली, त्या घरच्या देवासाठी जाता जाता ओंजळभर फुलं परत द्यायची, हाही रिवाजच. सत्यवतीबाई रोज फाटकाशी जाऊन ती घेत. आनंदराव रोज देवाला जी तगर वाहत, ती अशी त्यांच्याच कुंपणावरून जनीच्या परडीत जाऊन परत आलेली असे. त्यांनी कधी चौकशी केली नव्हती.

"त्या चोरटीला सांगून ठेवतो," आनंदराव म्हणाले, आणि संध्याकाळी जनी दारावरून जाताना त्यांनी सांगितलंच. "हे बघ जने, जास्वंद ने, तगर ने, पाहिजे तर कुंपण ने. या निळ्या फुलांना हात लावलास तर पोलिसात देईन. तुझ्या बापजन्मात असं फूल पाहिलं नसशील. तुझी काही चूक नाही म्हणा."

जनीने कमरेवर हात ठेवून ढिगाकडे पाहिलं. "यी घोळीची भाजी फुलली वाटतं," ती म्हणाली आणि गेली.

आनंदरावांचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता. दोन दिवसांवर माघी चतुर्थी. त्या पहाटे गणपतीसाठी पनवेलात एका कुंपणावर फूल राहत नाही, दूर्वासुद्धा मुळासकट जातात. त्यांनी ढिगाभोवती बाभळीच्या काट्या रोवल्या आणि चतुर्थीला पहाटे शाल गुंडाळून, हातात काठी घेऊन दाराच्या फटीशी बसले.

बायका आल्या. जनी पुढे, तिच्यामागे गल्लीतल्या आणखी दोघीतिघी. जास्वंद खुडली गेली. तगरीची फांदी खाली ओढली गेली. कोणीतरी कर्दळसुद्धा नेली. आनंदरावांची मूठ काठीवर घट्ट झाली. आता हात घालतील, आता. बायका ढिगाशी थांबल्या, एक जण वाकली, जनी काहीतरी म्हणाली, सगळ्या हसल्या आणि पुढे निघाल्या.

"काट्यांना भ्यायल्या," आनंदरावांनी आत येऊन सांगितलं. "शेवटी भित्री जात!"

पण जीव स्वस्थ होईना. त्या का हसल्या? दुसऱ्या दिवशी त्यांनी काट्या काढल्या. फुलं तशीच. तिसऱ्या दिवशी त्यांनी ढिगाचा पुढचा दगड असा सरकवला, की दोन झुबके कुंपणाबाहेर लोंबू लागले. जास्वंदीची आदल्या दिवशीची सुकलेली फुलंही कोणी नेली, निळ्यांना कोणी शिवलं नाही. बघायला म्हणूनही कोणी थांबलं नाही. तहसील कचेरीतला एक ओळखीचा कारकून तेवढा थांबला, त्याने विडी पेटवली, काडी ढिगावर टाकली आणि गेला.

ज्या चोरीसाठी आनंदराव काठी घेऊन बसले होते, तिची आता ते वाट बघू लागले. एक तरी फूल जावं. या गावाला चोरावंसं वाटेल असं आपल्या हातून काही निपजलं, एवढं तरी व्हावं. ढिगावरच्या घंटा आता कडेने सुकायला लागल्या होत्या. असा हंगाम पुन्हा कधी येईल, येईल की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

शेवटी एका पहाटे ते स्वतःच फाटक उघडून बाहेर आले. जनी तगर खुडत होती.

"जने, ही का नेत नाहीस?"

"कंची?"

"ही! निळी!"

"पोलिसात देनार ना तुमी."

"नाही देत. ने. घे, मीच देतो." त्यांनी एक झुबका तोडून तिच्यापुढे धरला. माथेरान सुटल्यापासून त्या झाडाचं एक पानही त्यांनी तोडलं नव्हतं.

जनीने तो घेतला नाही. नुसती वाकून बघत राहिली. "कळ्या हायत या. कळी देवाला नाय चालत. उमलंल तवा नेईन."

"अगं बये, हे उमललेलंच आहे!"

"आं? मंग यवढंच हाय व्हय?"

आनंदरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. "घंटा आहे ती! घंटा! विलायतेत लोक मैल मैल चालत जाऊन बघतात!"

"आसंल. पन फूल देवाला कसं वाहायाचं? उगवतं तसं, वर तोंड करून. याची तर मान खाली." जनीने परडी कमरेवर घेतली. "सायबाफुडं उभा ऱ्हायल्यावानी. आमच्या गनपतीला आसलं नाय आवडत." मग जाता जाता, काही मनात नसताना, तिने विचारलं, "तुमी वायलाव का तुमच्या देवाला?"

आनंदराव घरात आले. त्यांनी आंघोळ केली, पूजेचा रेशमी कद नेसला आणि पाटावर बसले. तो झुबका त्यांनी ताम्हणात ठेवला होता. "आज फुलं आणू नका," त्यांनी बायकोला बजावलं. "आज हीच."

देव धुऊन झाले, गंध लागलं. आनंदरावांनी एक घंटा बोटांत धरली, तिचं तोंड वर केलं आणि बाळकृष्णाच्या पायाशी ठेवली. बोट काढताच ती कलंडली आणि पालथी झाली. त्यांनी पुन्हा उभी केली. पुन्हा पालथी. गणपतीच्या सोंडेवर ठेवली, ती घरंगळून निरांजनात पडली आणि चुरचुरली. एकेक करत सगळा झुबका संपला, आणि सगळ्या घंटा देव्हाऱ्यात तोंडं खाली घालून पडल्या. आनंदराव त्यांच्याकडे बघत राहिले. माथेरानचं ते फाटक त्यांना आठवलं, आणि रिक्षाची पाठ. फुलल्यापासून हे फूल आपणही एकदाही देवासाठी तोडलं नाही, ते कौतुकाने, असं ते स्वतःला सांगत आले होते. आता ते सांगणं त्यांनाच पटेना.

"फुलं हवी आहेत," ते आतल्या बाजूला न बघता म्हणाले.

सत्यवतीबाईंनी चुलीवरची नजर काढली नाही. "माझे हात खरकटे आहेत. जनी आता गल्ली आटपून फाटकावरूनच देवळाकडे जाईल. तुम्हीच घ्या."

कद नेसलेले आनंदराव चौबळ, कलेक्टर कचेरीचे माजी हेडक्लार्क, अनवाणी फाटकाशी आले. जनी परत येत होती. त्यांना बघून ती थांबली. त्यांनी ओंजळ पुढे केली. मान आपोआप खाली गेली.

जनीने परडीतून मूठभर तगर उचलली आणि त्यांच्या हातांवर धरली.

"वर बगा की, रावसाब," ती म्हणाली. "सांडतील."