कासवाच्या नोंदीतला ‘इतर’ रकाना

आठवडाभर मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात माल तपासते, म्हणजे बहुतेक वेळा नापास करते. सुट्टीत तळ्यातले बेडूक आणि कासवं कशी मोजायची ते तरुण मुलांना शिकवते. तिथेही स्वभाव तोच. ‘हेमामॅडम झोपेतसुद्धा फॉर्म परत देत असतील,’ असं त्या मुलांतली प्रियांका म्हणते, आणि ते मला ऐकू येईल अशा बेताने म्हणते.

या वर्षीचं प्रशिक्षण डोंबिवलीबाहेर, एका गावामागच्या तळ्यावर होतं. तळ्याच्या एका काठाला, तळं बुजवायला आणलेल्या भरावाचे ढीग येऊन टेकले होते. इथे दुर्मिळ होत चाललेलं मऊ पाठीचं कासव आहे असं गावकरी सांगायचे, पण नुसत्या सांगण्यावर तळं वाचत नाही. एक तरी कासव मोजून, फोटोसकट नोंदवलं, तरच तळं राखण्यासाठी आम्हाला अर्ज करता येणार होता. परवानगी तीनच दिवसांची होती.

बेडकांनी लाज राखली. कासवाच्या पिंजऱ्यात मात्र पहिल्या दोन्ही सकाळी नुसते खेकडे. पिंजरा लावणाऱ्या सिद्धेशवर मी उखडले.

“पिंजऱ्याचं तोंड कुठे केलेलंस?”

“तुम्ही सांगितलेलं तिकडेच, मॅडम. वरचा भागपण पाण्याबाहेर ठेवला, कासवाला श्वास घ्यायला.”

“आणि आमिष?”

“सुके बोंबील. माझा डबा त्याच बॅगेत होता, वास अजून जात नाहीये.”

मी त्याचं काही ऐकलं नाही. सगळं पुन्हा लावायला लावलं.

तिसऱ्या सकाळीही खेकडेच. तेवढ्यात प्रियांकाने हाक मारली. “मॅडम, इकडे या. फक्त ओरडू नका.” तळ्याच्या शेवटच्या पायरीवर भाताची शितं आणि माशांची डोकी पडली होती, ताजी. कुणीतरी आमच्या कासवांना आमच्या आधी जेवू घालत होतं.

वरच्या पायरीवर विमलाबाई बसल्या होत्या, मांडीवर रिकामं ताट. त्यांचं घर तळ्याला लागूनच. तिन्ही दिवस आम्हाला चहा त्यांनीच पाजला होता.

“आजी, तुम्ही कासवांना रोज खायला घालता?”

“रोज मूठभर. तुमी आल्यापासून पोटभर,” त्या शांतपणे म्हणाल्या. “भरल्या पोटी पिंजऱ्यात कोन जाईल?”

“पण आम्हाला चहा देत होतात की.”

“तुमी पाव्हनी. पन गेल्या साली एक जन आला, गोड गोड बोलला, नि ल्हान कासव उचलून घेऊन गेला. घरात ठेवलं की नशीब उघडतं म्हने. तुमच्याकडं तर पिंजरंच हायेत.”

‘आधी काठावरच्या माणसांशी बोला,’ हे माझ्या शिकवण्यातलं पहिलं वाक्य. आणि तीन दिवस यांचा चहा पिऊन मी यांना एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. मोजायचं, फोटो काढायचा, लगेच सोडायचं. आज नाही मोजलं, तर या ढिगांपुढे दाखवायला आमच्याकडे एक कागदही नाही.

त्यांनी ढिगांकडे पाहिलं.

“किती येल लागंल?”

“पाच मिनिटं.”

“मी हितंच बसनार.”

“बसा ना.”

त्यांनी ताट पायरीवर तीनदा आपटलं. “ये गं बाय.” बराच वेळ काही नाही. मग पाण्याबाहेर नाकाचं टोक आलं, आणि त्यामागून हिरवट, गुळगुळीत पाठ थेट पायरीपर्यंत. भरल्या पोटानेही ती आली होती. सिद्धेशने ओल्या हातांनी तिला अलगद उचललं. पाठ चोवीस सेंटीमीटर, प्रियांकाने फोटोही काढला. विमलाबाई तिला सगळा वेळ काहीबाही सांगत होत्या, लहान मुलीला इंजेक्शन देताना आई बोलते तसं. चार मिनिटांत ती पाण्यात परत गेली.

“तुझा पिंजरा बरोबर होता,” मी सिद्धेशला म्हटलं. “चुकले मी.” त्याने फॉर्म पुढे केला. ‘कसे सापडले’ यापुढे चार रकाने होते: पिंजरा, जाळे, नजरेने, इतर. ‘इतर’ भरलेला फॉर्म मी आजवर प्रत्येकाला परत दिला आहे, कारण त्यात लोक काहीही खपवतात.

पेन मी स्वतःच घेतलं आणि लिहिलं: विमलाबाईंनी बोलावलं, म्हणून आलं.