यंदा ठेवलंय का?

"हे कोणी लावलं?" जोनने खोलीच्या दारावरचं कार्ड खसकन ओढून काढलं. "माझ्या वडिलांनी जन्मात कधी फुटबॉलला पाय लावलेला नाही!"

मी औषधांची ट्रॉली धरून उभी. कार्ड मीच लावलं होतं. 'नॉर्मन प्लिम्टन, माजी व्यावसायिक फुटबॉलपटू, इंग्लंड.' भोवतीची फुटबॉलची किनार माझ्या लेकीने, आरुषीने, रंगवलेली.

"पण ते स्वतःच सांगतात," मी म्हटलं. "तेरा सीझन, चार क्लब, डावा विंगर. एकोणीसशे पंचवीस साली कपच्या मॅचमध्ये मोठ्या टीमला गोल घातला, पेपरात नाव आलं..."

"सिस्टर, त्यांची जन्मतारीख काय?"

"चौदा मार्च एकोणीसशे अठ्ठावीस." धाडकन बाहेर पडली. पडणारच. दिवसातून चार वेळा गोळ्या, आणि प्रत्येक गोळीआधी नाव विचारायचं, जन्मतारीख मोठ्याने म्हणायची, हा आमचा नियम. दोन वर्षं मी ती तारीख जपासारखी म्हणत होते आणि एकदाही वजाबाकी केली नव्हती. जन्माच्या तीन वर्षं आधी गोल घालणारा माणूस! अठरा वर्षं नर्सिंग करतेय, डोस मिलिग्रॅमला चुकत नाही माझा. कपाळ माझं!

मी संघमित्रा. माहेर चेंबूरचं, आता परदेशात, घर हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात आणि नोकरी त्याच शहरातल्या एका रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात. विसरभोळ्या म्हाताऱ्यांशी वाद घालायचा नाही, त्यांच्या जगात आपण जायचं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्येच घोटवतात. नॉर्मनच्या जगात जायला तर मला आवडायचंच. इथे सगळ्यांना नावानेच हाक मारतात, म्हणून तोंडाने नॉर्मन; मनात मात्र आजोबाच.

काय सांगायचे! "आठवडाभर बॉल दाखवायचे नाहीत, सिस्टर. नुसते मैदानाला फेरे. शनिवारी बॉलची भूक लागली पाहिजे ना! आणि पावसात चामडं भिजलं की दगड व्हायचा त्याचा. शिवणीच्या बाजूने डोक्यावर घेतला की कपाळ फाटायचं." असं म्हणून स्वतःच्या कपाळावरून बोट फिरवायचे. तिथे खूण काही नव्हती. मी म्हटलं, सुरकुत्यांत गेली असेल. बघा, शहाण्या माणसाला असा शहाणपणा सुचतो.

आणि मे महिना लागला की रोज सकाळी आमच्या टेबलाशी यायचे. "सिस्टर, पत्र आलं? यंदा ठेवलंय का?"

इंग्लंडात मेमध्ये सीझन संपायचा, तेव्हा क्लब प्रत्येक खेळाडूला पत्र पाठवायचा, पुढच्या वर्षी ठेवतोय की नाही. एवढं मला त्यांच्याच बोलण्यातून कळलं होतं. मी म्हणायचे, "आज नाही आलं." ते बरं म्हणायचे, परत जायचे, पॉरिज खायचे. छान चाललं होतं की! पण मला कुठे राहवतंय? सत्त्याण्णव वर्षांचा माणूस रोज एकच गोष्ट विचारतो आणि आपण रोज नाही म्हणतो. माझ्या जिवाला ते लागलं. मी नवऱ्याला, सुगतला, बसवलं कॉम्प्युटरवर.

"अगं, ही फोर्जरी आहे," सुगत म्हणाला.

"कोणाला लुबाडतोय आपण? टाइप कर. 'पुढच्या सीझनसाठी आपणास क्लबमध्ये ठेवण्यात येत आहे.' वर तो सिंह कशाला टाकलास?"

"इंग्लिश क्लब आहे. सिंह नको?"

गेल्या सोमवारी मी ते पत्र नॉर्मनच्या हातात दिलं. मला वाटलं, उड्या मारतील, मला मिठी मारतील. त्यांनी पाकिटावरचं 'मिस्टर प्लिम्टन' वाचलं, कोटाच्या आतल्या खिशात पत्र ठेवलं आणि पुढच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. पाकीट उघडलंसुद्धा नाही. दुपारी जेवायला बोलावलं तर नाही म्हणाले. पाय थरथरतायत, ओठ सुकलेत, पण दार सोडायला तयार नाहीत. मंगळवारी तेच. मला काही म्हणता काही कळेना. अहो, पत्र हवं होतं ना? आलं ना? मग उघडा की!

बुधवारी कुरियरवाला आत आला आणि हे त्याच्या बगलेतून बाहेर. सापडले तेव्हा मोठ्या रस्त्याच्या राउंडअबाउटवर होते, पायात स्लिपर, गाड्यांचे हॉर्न चाललेले. झालं! डॉक्टर आले, मॅनेजर आली, मीटिंग झाली. यांना आता कुलूपबंद वॉर्डच पाहिजे, तो आमच्याकडे नाही, दीड तासावरच्या तौरंगा गावात एक बेड रिकामा आहे. सही करायला आणि सामान भरायला मुलगी बोलावली. ती ही जोन, पासष्टीची, सूटकेस भरता भरता कार्डावर घसरलेली.

"फुटबॉल माझे आजोबा खेळायचे," ती म्हणाली. आता आवाज उतरला होता. "आल्बर्ट. प्रत्येक क्लब आधीच्यापेक्षा छोटा. गुडघा गेला होता आणि तो लपवून खेळायचे. राहायला घर क्लबचं असायचं. पत्रात 'नाही' आलं की पंधरा दिवसांत घर खाली करायचं. सात वर्षांचे होईतो बाबांनी तीन घरं बदलली होती. पस्तीस सालचं पत्र पोस्टमनने बाबांच्याच हातात दिलं. वडील ट्रेनिंगहून येईपर्यंत हा पोरगा ते घेऊन दारात उभा. जेवला नाही, हलला नाही."

"आणि पत्रात?"

"'ठेवत नाही' असं होतं. आजोबा मग कोळशाच्या वखारीत लागले. घरात पुन्हा कोणी बॉल आणला नाही."

मी ट्रॉलीवरच्या गोळ्या उगाच पुन्हा मोजायला घेतल्या.

"बाबा बावन्न साली इंग्लंड सोडून इकडे आले," जोन म्हणाली. "चाळीस वर्षं गोठ्यागोठ्यांत जाऊन दूध काढायच्या मशीनचे पंप दुरुस्त केले. एकाच घरात राहिले, सिस्टर. आई म्हणायची, मोठं घेऊ. हे जागचे हलले नाहीत. लावायचं तर ते लावा दारावर."

मग मी सांगून टाकलं. नोकरी जायची तर जाऊ दे म्हटलं. "जोन, त्यांच्या खिशात पत्र आहे. ते मी लिहिलंय. म्हणून ते दारात उभे राहतात. बाहेर गेले तेही त्यामुळेच."

तिने मला थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

"काय लिहिलंय?"

"ठेवलंय म्हणून."

आम्ही दोघी पुढच्या दाराशी गेलो. आता दाराला कोड लावला होता, तरी नॉर्मन तिथेच, काचेला नाक लावून. जोनने हात पुढे केला. "बाबा, पत्र द्या बघू."

त्यांनी कोट छातीशी घट्ट धरला. "माझ्या वडिलांचं आहे. ते आले की देणार."

"नॉर्मन," मी म्हटलं, "ते दमून येतील. आधी घरातल्या कोणीतरी वाचून ठेवलं तर?" मलाच माहीत नव्हतं मी काय बोलतेय. एकदा तोंडघशी पडले होते, आता दुसऱ्यांदा पडत होते.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग जोनकडे. खूप वेळ जोनकडे. आवाज एकदम बारीक झाला. "मम, तू उघड. ते यायच्या आत."

लेकीला ते आपली आई समजत होते. तिने पाकीट फोडलं. सिंह बघून क्षणभर थबकली. मग मोठ्याने, एकेक शब्द करून वाचलं. "पुढच्या सीझनसाठी आपणास क्लबमध्ये ठेवण्यात येत आहे."

"मग घर सोडायचं नाही?"

जोनने ओठ आवळले. मी तिच्याकडे बघायचं टाळलं, कारण सहीचे कागद माझ्याच ट्रॉलीवर होते.

"नाही, नॉर्मन," ती म्हणाली. "घर सोडायचं नाही."

ते दारापासून वळले. पाच दिवसांनी पहिल्यांदा आपणहून वळले. डायनिंग रूममध्ये बसून दोन वाट्या सूप प्यायले, ब्रेडने वाटी पुसून घेतली. मी बाजूला उभी राहून रडत होते आणि चांगलं रडतेय की वाईट, तेही मला उमगत नव्हतं.

"उद्या दहाला गाडी येणार," जोन हळूच म्हणाली. "बेड आज नाही घेतला तर जाईल. मी काय करू, सिस्टर?"

मी नॉर्मनच्या खोलीकडे वळले.

नॉर्मन तोवर खोलीत पोचले होते. पलंगावर जोनने निम्मी भरलेली सूटकेस उघडी होती. त्यांनी वरचा शर्ट उचलला, झटकला, कपाट उघडलं.

"सिस्टर, हँगर."

मी दिला. त्यांनी तो शर्ट लावला, कॉलर सरळ केली, मग दुसरा उचलला. जोन दारातून बघत होती. आत आली, पलंगाच्या कडेला बसली आणि तळाचे मोजे काढून एकेक जोडी त्यांच्या हातात देऊ लागली.