वेळापुरात पाच मिनिटं

तेजश्रीनं ढब्बूच्या सहलींचं वेळापत्रक कागदावर मांडलं होतं आणि दिपकला त्याचं हसू यायचं. पण सोलापूरचा उन्हाळा काही पंचांग बघून येत नाही. होळी झाली की तो दार न वाजवता आत येऊन बसतो. म्हणून मे महिन्याच्या नादी न लागता मार्च-एप्रिलचे शनिवार-रविवार धरून कुत्र्याला कुठं कुठं नेता येईल, याचा तिनं नीट हिशेब लावला होता. पहाटे निघायचं. दहानंतर गाडी थांबवायची तर सावलीत, आणि ढब्बूला घेऊन उतरायचं. पाणी, दहीभात, ओलं फडकं हाताशी ठेवायचं.

ढब्बू तिचा सहा वर्षांचा पग. नाक चपटं, पोट सुटलेलं आणि घोरणं घरातल्या कुठल्याही पुरुषाला लाजवेल असं. ह्या जातीला ऊन सोसत नाही, बंद गाडीत पंधरा मिनिटंही जिवावर बेततात, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. डिसेंबरात लग्न ठरताना तिनं एकच अट घातली होती, कुत्रा माझ्यासोबत येणार. दिपक तेव्हा हसून हो म्हणाला होता. माणूस चांगला होता. फक्त चार लोकांसमोर आला की थोडा वेगळाच व्हायचा, हे तिच्या हळूहळू लक्षात येत होतं.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी ते निघाले. वाईच्या पुढं डोंगरात एकानं घर भाड्यानं द्यायला ठेवलं होतं आणि फोनवर "कुत्र्यासकट या" असं तो आपणहून म्हणाला होता. पाचला निघायचं ठरलेलं, दिपकचं आवरून निघेस्तोवर साडेसात वाजले. पंढरपूर मागं पडल्यावर तो म्हणाला, "वेळापूरला काकूकडं पाच मिनिटं टेकावं लागेल. दारावरनं गेलो आणि आत गेलो नाही असं कळलं तर जन्मभर ऐकावं लागेल."

सोनाबाई म्हणजे दिपकची चुलती. दहावीपर्यंत तो तिच्याच हाताखाली वाढलेला. लग्नानंतर तेजश्री त्या घरी अजून गेली नव्हती, म्हणजे नाही म्हणायची सोयच नव्हती.

"ढब्बूचं काय?"

"त्याचं नावही काढू नकोस तिथं. काकूला कुत्रं अजिबात चालत नाही. तू आत हो, मी त्याला घेऊन लिंबाखाली थांबतो. चहा झाला की हाक मार."

पावणेदहाला गाडी अंगणाच्या कडेला उभी राहिली. लिंबाची पानगळ चाललेली, सावली चाळणीतून पडावी तशी. दिपक मागचं दार उघडायला वळला हे तिनं पाहिलं आणि निवांत मनानं उंबरा ओलांडला.

सोनाबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "लई वाळलीस गं. सोलापुरात काय खायला मिळत न्हाय का?" मग चहा आला, पोहे आले आणि पाठोपाठ कपाटातून हिरवी साडी आली. पहिल्यांदा आलेली सून, ओटी भरल्याशिवाय कशी जाणार? आणि ओटी ड्रेसवर भरायची म्हणजे बायका हसतील.

"काकू, पुढं लांब जायचंय."

"जा की. मी काय धरून ठेवलंय व्हय? पाच मिन्टाचं काम."

आतल्या खोलीत तेजश्रीनं घाईघाईनं साडी नेसली. बाहेर मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, पण निऱ्या सुटत होत्या आणि तिचं तिकडं लक्ष नव्हतं. ती बाहेर आली तेव्हा शेजारच्या तिघी बायका येऊन बसल्या होत्या, पाट मांडलेला होता, सुपात गहू, खोबऱ्याची वाटी, खारीक, हळकुंड, नारळ, सगळं तयार. ती पाटावर बसली. पदर पसरला. सोनाबाईंनी हळदकुंकू लावलं आणि पहिली ओंजळ पदरात टाकली.

"दिपक बाहेर उन्हात बसलाय," ती बोलायचं म्हणून बोलली. "त्यालाही चहा..."

"त्यो कुटं हाय हितं? आबासंगट डाळिंबाची बाग बघायला गेला की. तू साडी नेसाय गेलीस तवाच."

आबासाहेब म्हणजे सोनाबाईंचे यजमान. बाग गावापासून दोन-तीन किलोमीटरवर, असं कुणीतरी सांगितलं. कुत्र्याला मोटारसायकलवर कोण नेतं? मग ढब्बू कुठं आहे? दारातून गाडीचा मागचा भाग दिसत होता. त्यावर आता पानाएवढीही सावली नव्हती. लिंबाखाली कुणी नव्हतं. दोरी नव्हती, पाण्याचं भांडं नव्हतं.

दुसरी ओंजळ पडली.

त्यानं झाडाच्या पलीकडं बांधलं असेल, तिनं स्वतःला समजावलं. गोठ्यात बांधलं असेल. इतका काही तो बेफिकीर नाही. घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. साडी नेसायला तिला किती वेळ लागला? दहा मिनिटं? पंधरा? उठावं तर भरती ओटी, समोर चार बायका, पहिलीच भेट. बोलावं तर दिपकनं तोंड बांधून ठेवलेलं. सोनाबाई ओंजळीत गहू घेत होत्या, आणि कुणाच्या सुनेला परवा कुठली साडी घेतली याची चर्चा मध्येच रंगल्यामुळं ती ओंजळ तशीच हवेत थांबली होती. तिला त्या बायकांचा राग आला, गव्हाचा राग आला, सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. अजून बसलेय मी, असं तिच्या मनात आलं. माझं जनावर तिकडं तडफडत असेल आणि मी शहाण्या सुनेसारखी पदर पसरून बसलेय.

रस्त्यावरून एक बुलेट फटफटत गेली. ढब्बू घरात झोपलेला असला तरी बुलेटच्या आवाजावर भुंकून आकाशपाताळ एक करायचा. बाहेर काहीच आवाज झाला नाही.

ती उठली. पदरातला गहू सारवलेल्या जमिनीवर सांडला, खारका घरंगळल्या. "अगं बाई, भरली ओटी," कुणीतरी म्हणालं. तोवर ती अनवाणी अंगणात पोचली होती.

गाडीच्या चारी काचा वर. एकच काच बोटभर खाली. पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधल्या खाचेत ढब्बू आडवा पडला होता, जीभ जांभळी, तोंडाला फेस, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. तिनं चारही दारं ओढून पाहिली. पत्र्याला हात लागताच चटका बसला. दिपकला फोन लावावा म्हटलं तर त्याचा फोन आतच, काचेपुढच्या स्टँडवर रस्ता दाखवत बसलेला.

"काय झालं गं? काय हाय त्यात?" सोनाबाई मागून आल्या.

"माझा कुत्रा आहे आत. किल्ली दिपककडे. मरेल तो, काकू."

सोनाबाईंनी काचेला कपाळ लावून एकदाच आत पाहिलं. नळाजवळच्या पाट्यावरचा वरवंटा उचलला, पदर खोचला आणि मागच्या दाराच्या काचेच्या कोपऱ्यावर घाव घातला. काच हलली नाही. दुसरा घाव. तिसऱ्याला सगळी काच खळ्ळकन आत कोसळली. तेजश्रीनं आत हात घालून दार उघडलं आणि ढब्बूला बाहेर ओढलं. त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं. मान धरली तर लोंबत होती.

"माठातलं गार पाणी आणते," एक शेजारीण धावली.

"इतकं गार नको. हौदातलं आणा," तेजश्री ओरडली.

पोटावर, पायांवर, मानेखाली पाणी. पुन्हा पाणी. ओटीचं सूप रिकामं करून एक जण वारा घालत होती, दुसरीनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला होता; अर्ध्या तासात येतो, तोवर भिजवत राहा, असं ते म्हणाले. नव्या साडीनिशी चिखलात बसून तेजश्री ढब्बूच्या कानाशी एकसारखं त्याचं नाव घेत होती. तो ऐकत नव्हता. पाच मिनिटं गेली, सात गेली. सोनाबाई त्याच्या छातीवर हात ठेवून बसल्या होत्या.

"चालतंय," त्या म्हणाल्या. "काळीज चालतंय. टाक पानी."

मग ढब्बूच्या अंगातून एक झटका गेला, तो ओकला आणि त्यानं डोळे उघडले. ओंजळीतलं पाणी आधी नुसतं चाटलं, मग प्यायला. तेजश्रीला रडू फुटलं, मोठ्यानं, गावातल्या बायकांसमोर, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

"आत का न्हाय आनलंस त्याला?" सोनाबाईंनी विचारलं. आवाजात राग होता. "अर्धा तास ते मुकं जनावर गाडीत, आन तू माझे पोहे खात बसलीस?"

"दिपक त्याच्याजवळ थांबणार होता. तुम्हाला कुत्रं चालत नाही म्हणाला."

"मला?"

शेजारणी एकमेकींकडं बघायला लागल्या.

"ह्या दारात मी आल्यापासनं कुत्रं हाय," सोनाबाई सावकाश म्हणाल्या. "दिवाळीत आमचा काळ्या गेला, तवा मी दोन दिस जेवले न्हाय. दिपक तर ल्हानपनी कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून झोपायचा. मला चालत न्हाय म्हनला?" "सोलापूरवरनं कुत्र्याला सहलीला आनलंय म्हनलं तर गाव हसंल, आसं वाटलं असंल त्याला. गावापायी केलं हे."

मोटारसायकलचा आवाज आला. आबासाहेबांच्या मागून दिपक उतरला, हातात डाळिंबांची पिशवी. त्यानं आधी गाडीकडं पाहिलं.

"काच कुणी फोडली?"

मग त्याला ओल्या चिखलात बसलेली तेजश्री दिसली, तिच्या मांडीवरचा ढब्बू दिसला आणि त्याचा चेहरा पडला. "मी काच उघडी ठेवली होती थोडी," तो म्हणाला. "आबा म्हणाले, लगेच येऊ. पाच मिनिटांत."

"काकूंना चालत नाही, हे त्या तुला कधी म्हणाल्या होत्या?" तेजश्रीनं विचारलं. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला, इतका शांत होता.

दिपकनं काकूकडं पाहिलं. सोनाबाईंनी त्याच्याकडं पाहिलंच नाही.

"मी काकूंकडं राहतेय," ती म्हणाली. "हा बरा होईपर्यंत. तुला डोंगरात जायचं असेल तर जा."

तिनं ढब्बूला उचललं. सोनाबाईंनी त्याची मान खालून सावरली, आबासाहेबांनी बाजूला सरून वाट दिली, आणि सगळी मिरवणूक माजघरात शिरली. आत पंखा मोठा करण्याचा आवाज आला, कुणीतरी पोतं ओलं करून आणा म्हणालं. दिपक उंबऱ्यापाशी चप्पल काढून उन्हात उभा राहिला. ज्या घरातून आल्यागेल्याला चहाशिवाय सोडत नसत, तिथं त्या दिवशी त्याला आत ये असं कुणी म्हणालं नाही.