गहिनीनाथाच्या होडीचं विधेयक

कोपरगावच्या खालच्या अंगाला गोदावरीवर एक सरकारी घाट होता. होडी नव्हती. ती पंचेचाळीस सालच्या पुरात गेली ती गेलीच. पण कागदावर घाट चालूच होता, आणि कायदा असा की सरकारी घाटाच्या आसपास दुसऱ्या कुणी उतारू न्यायचे नाहीत. त्यामुळे गहिनीनाथ कोळ्याने स्वतः बांधलेली नवी होडी वाळूत बसून होती. लाकूड पाण्याबाहेर राहिलं की फळ्या फाकतात. म्हणून तो आणि त्याची बायको साळूबाई रोज नदीतून घागरी भरून होडीला पाणी घालत.

"तुळशीला पानी घालाय सवड न्हाई मला," साळूबाई म्हणे, "आन् ह्या लाकडाला घालती. नदीत सोड की तिला!"

"सूर्यभान पाटील गुन्हा लावंल. पान्यातली होडी म्हंजी चालती होडी, म्हनतो."

दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत ही होडी टिकणार नाही, हे गहिनीनाथाला दिसत होतं. कोपरगावचे वकील शामकांतराव विधानसभेवर निवडून आले होते. तो त्यांच्याकडे गेला. वकील म्हणाले, "बिल आणतो. ज्या घाटाला होडीच नाही तो घाट धरू नये, एवढ्या एका कलमाचं."

"मंग उद्या सोडू होडी?"

"अरे, सरकारचं बिल सरळ जातं. आम्हा खाजगी सभासदांना नुसता शुक्रवार. त्यात कुणाचं आधी, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं."

"भावकीत वाटण्या करत्यात तशा?"

"तशाच. भांडणंही तशीच."

पहिल्या अधिवेशनात वकिलांची चिठ्ठी इतकी मागे निघाली की पुढच्यांची भाषणं ऐकता ऐकता शुक्रवार संपले. पुढच्या अधिवेशनात नंबर लागला. बिल मांडायला कुणी हरकत घेतली नाही. पहिल्या पायरीला ती घ्यायची नसते, अशी तिथली रीत. गहिनीनाथाने गावात गूळ वाटला. मग मंत्री उठले, बिलाचं तोंडभर कौतुक केलं आणि म्हणाले, इतक्या महत्त्वाच्या प्रश्नावर आधी लोकमत अजमावावं.

"म्हंजी पाडलं?" गहिनीनाथाने विचारलं.

"पाडत नाहीत. फिरवतात," वकील म्हणाले. "पाडलं तर वर्तमानपत्रात येतं."

फिरत फिरत बिल मामलेदारांच्या हाती आलं आणि मामलेदार घाटावर आले. अलीकडच्या गावाने एका सुरात होडी मागितली. पण हुकूम दोन्ही तीरांची मतं घेण्याचा होता. पलीकडेही माणसं जमली होती. शिपायाने तोंडाशी हाताचा भोंगा करून बिल वाचलं. पात्र रुंद, वारा उलटा. तिकडून नुसते हात हलले.

"हे हलणं बाजूने की विरुद्ध?" मामलेदारांनी विचारलं.

"बोलावत्यात, सायेब. मी नेतो की तुमाला. होडी हाय."

"बेकायदा होडीत बसून मी कायद्यावर मत घेऊ?"

तेव्हा कारकून नृसिंहपंतांनी टाक बुडवला. "रावसाहेब, युद्धात लॉऱ्या ताब्यात घेतल्या होत्या. तशी ही होडी या घाटाची सरकारी होडी म्हणून ताब्यात घेऊ." आणि तसा हुकूम तिथेच लिहिला. मुदत लिहायची राहिली.

गहिनीनाथ घुटमळला. साळूबाई मागून म्हणाली, "सरकारची म्हन न्हाईतर सैतानाची, पन पान्यात सोड!"

त्याने होडी ढकलली. फटींतून पाणी आत आलं. मामलेदार पाय वर घेऊन बसले.

पलीकडच्यांनी मामलेदारांना होडीतून उतरताना पाहिलं आणि बिल ऐकूनच घेतलं नाही. राहीबाई नावाची म्हातारी पुढे झाली. "सरकारी होडी आली की! आता कायदा कशापायी बदलायचा? आमचं न्हाई म्हना."

"न्हाई, न्हाई!" सगळे ओरडले.

"आवं आजी, होडी माजी हाय—"

"लोकमतात ढवळाढवळ नको," मामलेदार म्हणाले.

अहवाल मुंबईला गेला. घाटावर सरकारी होडी चालू असून पलीकडच्या तीराचा बिलाला विरोध आहे, असं मंत्र्यांनी सभागृहात वाचून दाखवलं. बाकं वाजली. शामकांतरावांनी सभागृहाच्या परवानगीने बिल मागे घेतलं.

होडी घाटाला बांधलेली राहिली. फळ्या फुगून घट्ट बसल्या होत्या, पण पाटील हात लावू देईना. सरकार नावाडी नेमील तेव्हा नेमील, म्हणाला. गहिनीनाथ रडकुंडीला येऊन वकिलांकडे गेला.

शामकांतरावांनी सगळं ऐकलं आणि एकदम खुर्चीतून उठले. "बंदी कशाला आहे? सरकारी नसलेल्या होडीला. ही सरकारी आहे, असं मंत्री सभागृहात बोलून बसलेत. तुझ्यावर गुन्हा लावायचा तर आधी त्यांना खोटं पाडावं लागेल."

"आन् चोरी म्हनले तर?"

"मग सरकारने ती कुठून आणली ते सांगावं लागेल. जा, चालव."

बाजारच्या दिवशी गहिनीनाथाने दोर सोडला. माणसं चढू लागली. सूर्यभान पाटील धावत आला.

"कुनाच्या हुकमानं रं?"

"मंत्र्याच्या. इदानसभेत बोललंत. मुंबईला जाऊन इचारून या."

पाटलाने पलीकडच्या तीराकडे पाहिलं. पलीकडे त्याच्या मेव्हण्याच्या घरी जेवण होतं. धोतर सावरून तो होडीत चढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी सरकारी कामाला चाललोय."

"बरं झालं," गहिनीनाथ म्हणाला. "सरकारी मानूस पायजेच हुता." आणि दुसरं वल्हं त्याच्या हातात दिलं.