ओल्या लाकडाचं वजन

शाळेच्या चुलीवर खिचडीला किती लाकूड जळतं, ते मी महिनाभर रोज तोलून लिहिलं. शाळांना गॅस मिळावा म्हणून आमच्या शिक्षक संघटनेला ते आकडे हवे होते. नंदुरबारला शिक्षणाधिकारी साहेबांपुढे निवेदन वाचायला मात्र संघटनेचे ललित सर उभे राहिले. जन्मात चूल न फुंकलेला माणूस, आणि टाळ्या त्यालाच. माझा नुसता जळफळाट झाला.

मी लाकडं ओली असतानाच तोलली होती, म्हणून आकडे फुगले होते. हे मला आदल्या दिवशी कळलं, तरी मुद्दाम गप्प बसले. पडू दे तोंडघशी.

साहेबांनी विचारलंच, "लाकूड वाळलेलं होतं ना?"

ललित सरांनी कौतुकाने मला पुढे बोलावलं. "सगळी मेहनत संध्या मॅडमची आहे साहेब. त्याच सांगतील."