राहू दे तिकडंच

मसाक्याच्या त्या शाळेत नांतोंगो बाईंच्या इंग्रजीला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. कुठला शब्द कुणाशेजारी शोभतो, हे त्या सहावीच्या पोरांकडून सोयरीक जुळवावी तसं घोटून घेत. त्या दिवशी फळ्यावर 'लॉस्ट' होता. किल्ली हरवली, वाट चुकली, मॅच गेली, घरचं माणूस गेलं, सगळीकडे तोच एक शब्द.

मधल्या सुट्टीत फोन वाजला. त्यांचा धाकटा भाऊ सेंटोंगो आखातात एका गोदामावर पहारेकरी होता. त्याच्या खोलीतल्या नेपाळी सोबत्याचा मेसेज होता: 'सिस्टर, युवर ब्रदर लॉस्ट.'

बाईंना हसूच फुटलं. बरेच दिवस तोंड न दाखवलेला माणूस भेटला, की आमच्याकडे सगळे त्याला आधी हेच सुनावतात, "यू आर लॉस्ट!" आणि सेंटोंगोने ईस्टरपासून फोन केला नव्हता.

"बघितलंस?" त्या शेजारच्या नाकिंतू बाईंना म्हणाल्या. "मेल्याला स्वतः बोलायला लाज वाटते, म्हणून दोस्ताला पुढं केलंय!"

"मग झाड की चांगला! सोडतेस कशाला?"

बाईंनी झोकात इंग्रजीत लिहिलं: 'हरवलाय खराच. राहू दे त्याला तिकडंच. आम्हाला आता सवय झालीय.' दोघी खूप हसल्या.

पाच आठवडे झाले तरी भावाचा फोन लागेना. सोबत्याचाही लागेना. तेव्हा बाई भावाला आखातात कामाला पाठवणाऱ्या कंपालातल्या कचेरीत गेल्या. कारकुनाने फाइल काढली. सेंटोंगो शिडीवरून पडून, तो मेसेज आला त्याच दिवशी गेला होता. फाइलमध्ये सोबत्याने साहेबांना दाखवलेला बाईंचा मेसेज छापून लावला होता आणि त्यावर शिक्का होता: कुटुंबाची संमती.

"तिकडंच राहू दे, असं तुम्हीच कळवलंत," कारकून म्हणाला. "म्हणून तिथंच पुरलं. आता काढता येत नाही."

"अहो, मी चेष्टा केली हो! मला वाटलं, तो..."

"बाई, तुम्ही इंग्रजी शिकवता ना?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बसमधून त्यांनी घरी फोन केला. 'सेंटोंगो गेला,' एवढंच कसंबसं सांगता आलं.

त्या पोचल्या तेव्हा केळीच्या बागेत, वडिलांच्या कबरीशेजारी, काकांनी खड्डा खणून ठेवला होता. प्रेताला गुंडाळायचं झाडाच्या सालीचं कापड घडी उलगडून तयार होतं. अंगणात आयाबाया रडत होत्या. आई उठली आणि बाईंच्या पाठीमागे रस्त्याकडे बघू लागली.

"गाडी मागून येतेय का गं त्याची?"

"आई, तो येणार नाही. मीच त्यांना कळवलं, राहू दे तिकडंच म्हणून."

"असं का गं कळवलंस, पोरी?" आईने विचारलं.